बत्तीसचा ब्रेकर

वायरमन एकोणसाठ वर्षांचा आहे आणि चाळीस वर्षांच्या कामात त्याला एकदाही शॉक बसलेला नाही. लोक त्याला ‘खिसा’ म्हणतात. घरातल्या बोर्डाला हात लावण्याआधी तो मीटरजवळचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकतो, म्हणजे काम संपेपर्यंत कोणी चुकूनही वीज चालू करू शकत नाही. चहा पिताना एक हात कपावर आणि एक खिशावर, अशी त्याची चेष्टा होते.

मंगळवारी सकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला.

“बोर्डातून जळकट वास येतोय रे.”

“काय चालू होतं?”

“ओव्हन.”

“मेन बंद कर ताई. बोर्डाला हात लावू नकोस. निघालोच.”

दारात भाऊजी उभे होते. “या! मेहुण्याचे पाय लागायला घर पेटवावं लागतं.”

तो हसला नाही. फ्यूज खिशात गेला. मेन बंद असलं तरी इन्व्हर्टर बोर्डात वीज पाठवतो, म्हणून त्याने तोही बंद केला. टेस्टर आधी जिन्यातल्या चालू पॉइंटवर लावून तो पेटतोय ना ते पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या ब्रेकरला वर-खाली लावला. दिवा लागला नाही. तेव्हा कुठे त्याने स्क्रू सैल केले.

ब्रेकर एका बाजूने करपला होता. त्याने तो तळहातावर उलटा केला. त्यावर आकडा होता बत्तीस.

भिंतीतली वायर सोळा अँपिअरच्या ब्रेकरला शोभेल एवढीच जाड होती. वायर तापण्याआधी ब्रेकरने पडून वीज तोडायची असते. बत्तीसचा पडत नाही. वायर मुकाट्याने भाजत राहते. त्याने तिचं टोक जरा ओढलं, तर वरचं प्लास्टिक बोटांत भुरभुरलं.

तीन वर्षांपूर्वी या इमारतीतल्या घरांच्या बोर्डांतले जुने फ्यूज काढून ब्रेकर त्यानेच बसवले होते. एके दिवशी दुकानात सोळाचे संपले. तात्पुरते बत्तीसचे लावू, पुढच्या आठवड्यात बदलू, असं त्याने ठरवलं होतं. तो आठवडा आलाच नाही.

“काय, माल खराब निघाला?” भाऊजींनी विचारलं.

आयतं उत्तर मिळालं होतं. या इमारतीतल्या बाराही घरांचं काम त्याच्याकडे होतं आणि खरं सांगितलं तर भाऊजींचं तोंड संध्याकाळच्या आत बाराही घरांत पोचलं असतं.

“माल चांगला आहे. चुकीचा आहे. मीच बसवलाय.”

बहीण बोलली, तेही आवाज न चढवता. “या भिंतीला डोकं लावून नात झोपते.”



“आता हे तूच करणार, की दुसरा बोलवू?” भाऊजी म्हणाले.

“तुम्ही ठरवा.”

“करू दे त्याला,” बहीण म्हणाली. “पण मी इथे उभी राहणार.”

जळकी वायर पाइपातून काढून नवी ओढायला दोन तास लागले. सोळाचा नवा ब्रेकर बसवला, स्क्रू आवळले, प्रत्येक वायर ओढून पाहिली. बहीण हलली नाही. त्याच्या कामावर आजवर कोणी असा पहारा केला नव्हता.

वीज सुरू केल्यावर ओव्हन अर्धा तास चालवून पाहिला. ब्रेकर कोमटही झाला नाही.

“अजून कुठे लावलेस असले?” बहिणीने विचारलं.

“पाच घरांत. इथेच.”

“अरे, दारोदार जाऊन सांगणार का?” भाऊजी म्हणाले. “धंदा बसेल तुझा. हळूहळू, दुसऱ्या कामाला गेलास की बदल. कोणाला कळतंय?”

त्याने पिशवी उचलली आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. शेजारीण ओल्या हातांनी बाहेर आली.

“आम्ही नाही बोलावलं तुम्हाला.”

“माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी तुमच्या बोर्डात मी चुकीचा ब्रेकर लावलाय. मेन बंद करा.”

“अहो, मशीनमध्ये कपडे फिरतायत. तासाभराने या ना.”

“आत्ता,” तो म्हणाला.