अबाकारची तलवार

नागेशदादांना जर्मनीत तीस वर्षं झाली आणि जर्मनांचा एकच गुण त्यांनी पुरता उचलला. कागदावर सही केली की ते खरंच असलं पाहिजे. नोकरीची सगळी वर्षं गाड्यांचे गिअरबॉक्स तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून हा माणूस तलवारींच्या मागे लागला. त्याही साध्या नाहीत, कॉकेशसच्या डोंगरातल्या. त्यांच्या पात्यावर अरबी लिपीत कारागिराचं नाव आणि हिजरी साल कोरलेलं असतं. निम्म्या वेळा ते झिजलेलं असतं, आणि संग्राहक ते वाचून घ्यायला डार्मश्टाटला यांच्या किचन टेबलाशी येतात. कुंदावहिनी म्हणायच्या, "घरात भाजी चिरायची सुरी बोथट, आणि टेबलावर बघावं तर तलवारी."

लिपी त्यांना आली वडिलांमुळे. शरदचंद्र देऊळगावकर परभणीला जमिनीच्या दफ्तरात कारकून होते, निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. उर्दूतले जुने जमिनीचे कागद वाचताना ते मुलाला शेजारी बसवायचे. दादा अजून तसंच वाचतात. पात्यावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासायची, ठसा उमटला की भिंग घ्यायचं, आणि शंका असेल ते अक्षर मोकळं सोडायचं. अंदाजाने भरायचं नाही.

पातिमात माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करते. दागिस्तानची आहे, त्याच कॉकेशसमधली. तिचे वडील कुर्बान ऐंशीला आलेले, तिकडच्या युद्धाच्या काळात गाव सोडून आले तेव्हा घरातली एकच वस्तू त्यांच्याबरोबर आली, ती म्हणजे एक शाश्का. मुठीला आडवी पट्टी नसलेली तिकडची तलवार. ती त्यांच्या पणजोबांच्या, अबाकारच्या भट्टीतली, असं ते सगळ्यांना सांगायचे. शाळा रशियन झाल्यामुळे त्यांना स्वतःला ती अक्षरं वाचता येत नव्हती. मरण्याआधी कोणीतरी वाचून दाखवावं एवढंच त्यांना हवं होतं. मीच त्यांना दादांकडे पाठवलं. हे मला लिहायलाच हवं.

दादांनी ठसा घेतला. नाव स्वच्छ होतं, अबाकारने घडवली. साल तेराशे चार. म्हातारा खुर्चीच्या टोकाशी बसून हसत होता. दादा हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक रशियन पुस्तक काढलं. त्यात अबाकारच्या कबरीवरचा मजकूर छापलेला होता. मृत्यू बाराशे अठ्ठ्याऐंशी.

"आल्झो, असं आहे," दादा म्हणाले, "तलवार अबाकारच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी झालेली आहे. नाव दुसऱ्याच कोणीतरी कोरलंय. नावाजलेल्या कारागिराचं नाव घातलं की माल खपतो."

"माझे आजोबा सांगायचे, आमच्याच घरची आहे," कुर्बान म्हणाले.

"मला वाईट वाटतं. पण मी पाहिलं तेच लिहिणार."

आणि लिहिलं. दोन पानांचं गुटाख्टेन, म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल, खाली सही, तारीख. एक प्रत कुर्बान यांना. मला तेव्हा दादांचं कौतुक वाटलं होतं. गोड बोलून म्हाताऱ्याची समजूत काढणं किती सोपं होतं.

आठ महिन्यांनी, एका रविवारी, मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर वहिनी सुपारी कातरत होत्या. दादांनी अडकित्ता सहज हातात घेतला आणि भिंगाची सवय असलेला माणूस, दांड्यावर बारीक अक्षरात ठोकलेलं नाव वाचलं, सखाराम.

"अहो, मला लग्नात दिलेला आहे तो," वहिनी म्हणाल्या. "परभणीच्या सखारामाकडचा."

"हा सखाराम म्हणजे स्टेशन रोडवरचा? तो तर मी चौथीत असताना वारला."

"मग काय झालं? त्याची पोरं करतात. बापाचंच नाव ठोकतात. स्वतःचं ठोकायचं म्हणजे आगाऊपणा नाही का?"

दादांनी अडकित्ता टेबलावर ठेवला आणि हात पुसला, पुन्हा पुसला. मग उठून फाइल काढली. मलाही तेव्हाच उमगलं, अबाकारचं नावही त्याच्या पोराने कोरलं असेल.

तरी दादांनी घाई केली नाही. दागिस्तानच्या एका म्युझियमला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अबाकारचा मुलगा आयुष्यभर बापाच्याच नावाने कोरत होता, साल मात्र चालू घालायचा. त्या डोंगरात ही रीतच होती. हा मुलगा म्हणजे कुर्बान यांचे आजोबा. तलवार खरी होती, आणि सांगणाऱ्यानेच ती घडवली होती.

मी पातिमातला लॅबच्या कँटीनमध्ये सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला.

"तलवार नाही आता," ती म्हणाली. "अहवाल आला त्याच आठवड्यात बाबांनी ती चादरीत गुंडाळली, ट्रामने वेर्टश्टॉफहोफला, भंगार गोळा करतात तिथे गेले आणि भंगार लोखंडाच्या कंटेनरमध्ये टाकून आले. खोटी वस्तू नातवंडांना द्यायची नाही म्हणाले. आता ते हॉस्पिटलमध्ये आहेत, फार दिवस नाहीत. त्यांना हे सांगू नका. ऊर्मिला, प्लीज."

दादांनी न सांगायचं कबूल केलं. फक्त भेटून येतो म्हणाले. मी गाडी काढली. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "शंका असेल ते मोकळं सोडायचं असतं."

कुर्बान उशीत बुडून गेले होते. दादांना बघून त्यांनी हात पुढे केला.

"तुम्ही एकटे माझ्याशी खरं बोललात," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी घरभर खोटं पसरवलं. मी त्यांचा लाडका होतो. वर गेल्यावर त्यांना भेटायचीही आता इच्छा नाही."

पातिमात खिडकीशी उभी होती. तिने दादांकडे बघून मान हलवली, नको. दादांनी ते पाहिलं, आणि तरी सांगितलं. सगळं. अबाकारचा मुलगा, बापाच्या नावाची रीत, म्युझियमचं पत्र. "तुमचे आजोबा खोटं बोलले नाहीत. ती त्यांनीच घडवली होती. चूक माझी आहे."

"म्हणजे मी काय टाकलं?" कुर्बान म्हणाले.

"तुम्ही नाही टाकलं. मी टाकलं."

म्हाताऱ्याने तोंड छताकडे वळवलं. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही. दादांनी फाइलमधून पेन्सिलचा ठसा काढून पांघरुणावर ठेवला. कुर्बान यांनी बोटाने पहिलं अक्षर शोधलं, हळूहळू पुढे गेले, मग म्हणाले, "जा आता."

पाचव्या दिवशी ते गेले. पातिमात लॅबमध्ये माझ्याशी कामापुरतं बोलते. दादांनी बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि मी हा प्रश्न त्यांच्यासमोर काढलेलाही नाही. तलवारी घेऊन येणाऱ्यांना ते आता दारातूनच परत पाठवतात.

महिन्याभराने त्यांच्या पत्रपेटीत एक लिफाफा आला. वर पातिमातचं अक्षर, आत चिठ्ठी नाही. वहिनींनी उघडून आतले कागद टेबलावर पसरले. ठसा त्यात नव्हता. फक्त दोन पानांचं गुटाख्टेन परत आलं होतं, आणि खाली नागेशदादांची सही होती, तारखेसकट.