नानांना ऐकू येत नसे

उजव्या हाताचा पंजा कानामागे, मान तिरकी, डोळे बारीक आणि मग ठरलेला डायलॉग: "जरा मोठ्यानं! प्रेसनं खाल्ले कान!"

प्रेस म्हणजे आनंदनगरच्या एमआयडीसीतली पत्रा कापायची मशीन. तिच्या शेजारी नानांनी सगळी नोकरी काढली. त्यामुळे खरवईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या बहिरेपणाला मान होता. फॅक्टरीत गेलेले कान म्हणजे जवळजवळ लढाईत गेलेला पाय! त्यांच्या दाराची बेल आम्ही वाजवत नसू, दाबून धरत असू.

मला तर असा माणूस म्हणजे मेजवानी. गणपतीत मंडळाचा माईक माझ्या हातात असतो, आणि खरं सांगू का, माईक नसला तरी माझं चालतं. मी ओरडायचो, नाना डोलायचे, पोरं जिन्यात बसून फुकट नाटक बघायची.

एकदा मात्र जिना चढताना मी बायकोच्या कानात कुजबुजलो, "म्हाताऱ्यानं स्वेटर उलटा घातलाय बघ." नाना अर्धा जिना पुढे, आमच्याकडे पाठ. ते थांबले. सावकाश स्वेटर काढला, सुलटा केला, घातला आणि मागे न बघता वर गेले.

मी तिथंच टाळी वाजवली. काय हा नट! सोसायटीची मीटिंग, पाण्याच्या टाकीवरची भांडणं, सगळ्यातून सुटायची काय झकास युक्ती! दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळा मारला. त्यांनी पंजा कानामागे नेला. "काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो.

हसलात ना? मीही पोट धरून हसलो होतो. आता त्यांच्या टीव्हीचं सांगतो.

त्यांचं घर बरोबर आमच्या डोक्यावर. घरात नाना, मुलगा, सून आणि पहिलीतली नात चिऊ. मुलगा उल्हासनगरच्या फर्निचरच्या शोरूममध्ये, बोलणं साखरेत घोळलेलं. तो कामावरून आला की एखाद्या संध्याकाळी वरचा टीव्ही अचानक चढायचा. बातम्या, कीर्तन, झुरळं मारायच्या औषधाची जाहिरात, जे लागलं असेल ते. त्या आवाजाखाली दुसरं काही कळायचं नाही. थोड्या वेळानं आमच्या दारात चिऊ.

"काकू, आजोबांनी टीव्ही मोठा केलाय. मी इथे बसू?"

बायको तिला खारी द्यायची. एकदा बायकोलाच राहवेना, ती वर गेली आणि बेल दाबून धरली. मुलानं दार उघडलं. घामाघूम, पण हसत. "सॉरी हां वहिनी. बाबांना ऐकू येत नाही ना." आत नाना पडद्याकडे बघत बसलेले, आरतीचं ताम्हण धरावं तसा दोन्ही हातांत रिमोट धरून. सून बाहेर आलीच नाही. पुढे जिन्यात भेटली ती भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून. "काही नाही हो वहिनी," एवढंच म्हणाली.

मग एक दिवस ती वांगणीला भावाकडे निघून गेली. चिऊला नवऱ्यानं जाऊ दिलं नाही. घटस्फोटाबरोबर मुलीच्या ताब्याची केसही कल्याणच्या कोर्टात उभी राहिली.

सुनेची बाजू लंगडी. पोलिसात तक्रार नाही, डॉक्टरचा कागद नाही. मार खाणारी बाई पुढे कोर्ट लागेल म्हणून तयारी करत नसते. तिच्याकडे भावाच्या घरातली खोली आणि पॅकिंगची नवी नोकरी. इकडे मोठा फ्लॅट, जवळ शाळा, घरात आजोबा. मुलगा म्हणत होता, "मी हात लावलेला नाही, हीच पोरीला टाकून गेली." मारहाण खरी की खोटी, यावर चिऊ कुणाकडे जाणार ते ठरायचं होतं. आणि त्या घरात तिसरं मोठं माणूस एकच होतं.

मुलाच्या वकिलानं नानांनाच साक्षीला आणलं. त्यांनी फक्त सांगायचं, मी कधी काही ऐकलं नाही. बहिऱ्या माणसाचं ते खोटंही नाही! आणि त्यांना प्रश्न ऐकू जावेत म्हणून सोबत कोण? अर्थात मी! इस्त्रीचा झब्बा घालून गेलो.

सुनेच्या वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "घरात मारहाणीचा आवाज कधी ऐकलात?"

मी नानांच्या कानाशी वाकलो आणि मंडळाचा आवाज लावला. "नाना! सुनेला! मारल्याचा आवाज! कधी ऐकलात का!"

इतक्या वर्षांत आमच्या बिल्डिंगमध्ये हे वाक्य कुणी कुजबुजूनसुद्धा म्हटलं नव्हतं. दार उघडं होतं. बाहेर बाकावर, सासरहून आलेल्या आत्याशेजारी चिऊ बसली होती. तिनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. नानांनी ते पाहिलं.

त्यांचा पंजा कानामागे गेला. मी पुन्हा ओरडायला श्वास घेतला. पंजा खाली आला.

"मॅडम," ते न्यायाधीशबाईंना म्हणाले, "यांना बसायला सांगा. मला ऐकू येतं."

"आत्ता ऐकू येतंय?"

"पहिल्यापासून येतं. एक कान जरा कमी आहे, एवढंच. माझा पोरगा कमरेचा पट्टा काढायचा, त्याचासुद्धा आवाज यायचा. मग मी टीव्ही मोठा करायचो."

"का?"

"ऐकू येऊ नये म्हणून."

मुलगा ताडकन उठला. "बाबा, काय बोलताय तुम्ही!"

"ओरडू नकोस," नाना म्हणाले. "पोरगी बाहेर आहे."

तुम्हाला वाटेल, आता सून येऊन पाया पडली असेल. मलाही वाटलं होतं. मी तर मनात पडद्याची दोरी धरून उभा होतो. ती आली, व्हरांड्यात नानांसमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला ऐकू यायचं?"

नानांचा पंजा कानाकडे निघाला आणि अर्ध्यातच खाली आला.

"मी मनाला सांगायचे, बिचाऱ्यांना ऐकू येत नाही. ऐकू आलं असतं तर आले असते." आणि ती निघून गेली.

पुढे चिऊ तिला मिळाली. बापानं मुलीला भेटायचं ते कोर्टाच्या आवारात, असं ठरलं. आजोबांचं कुणी विचारलं नाही, आजोबांनीही मागितलं नाही. मुलगा अंबरनाथला खोली घेऊन राहायला गेला.

नाना एकटे राहिले. जेवणाचा डबा आमच्याकडून जायचा. टीव्ही असायचा, पण आवाज बंद करून. पडद्यावर माणसं तोंडं उघडायची, मिटायची, आणि घरात फक्त पंखा. बेलची गरजच उरली नाही. मी जिन्यात असतानाच दार उघडायचं. "तुमची डावी चप्पल फाटलीय," ते म्हणायचे. रविवारी खाली रिक्षा थांबली की दारात येऊन उभे राहायचे. पावलं आमच्या मजल्यावर वळली की दार लावून घ्यायचे.

"सुनेला फोन करू का?" मी एकदा विचारलं.

"नको. तिला आता शांत राहू दे."

परवाच्या थंडीत मी त्यांचा डबा घेऊन वर निघालो. सवयीप्रमाणे नाटक करत, पाय आपटत चढलो. दार बंद. खोकलो. डावी चप्पल फरशीवर दोनदा घासली. दाराखालून टीव्हीचा उजेड हलत होता.

मग मी बेल दाबली आणि पूर्वीसारखी दाबून धरली.