प्रेमकथांची प्रतवारी

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात प्रेमकथांची सर्वांत जास्त निंदा माझ्या थोरल्या साडूंनी केली आहे आणि सर्वांत जास्त प्रेमकथाही बहुधा त्यांनीच वाचल्या आहेत. त्यांची हयात देवळ्याला कांद्याच्या व्यापारात गेली. मुलाने नाशकात घर घेतलं तसे तेही गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये येऊन पडले. इथे लिलाव नाही, भाव पाडायला कोणाचा माल नाही. तेव्हा ते बायकोच्या पुस्तकांवर घसरले. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांच्या ताई. ताई कोपऱ्यावरच्या वाचनालयातून हलक्याफुलक्या कादंबऱ्या आणायच्या. मुखपृष्ठावर एक स्कूटर, दोन कप आणि पाठमोरी मुलगी, अशा. त्या चहा टाकायला उठल्या की साडूभाऊ ढिगातून कांदा उचलावा तसं दोन बोटांनी पुस्तक उचलणार, मधलंच पान उघडणार आणि निकाल देणार, "गोल्टी." गोल्टी म्हणजे प्रतवारी करताना शेवटी उरतो तो बारका कांदा. साडूभाऊंच्या मते मराठीत आजवर गोल्टीच छापली गेली आहे.

त्यांचा पहिला राग नायकावर. "हा आर्किटेक्ट हाय म्हणता, मग भर दुपारी तिच्या मागं तळ्यावर काय करतो? साइटवर सिमेंट कोण उतरवून घेतंय?" नायिकेलाही सुट्टी नाही. "नुसती कॉफी पिते ही. लग्न झाल्यावर भाकरी थापणार का नाय, ते लिहायला नको?" नायकाला त्याच्या मावसबहिणीबरोबर पाहून नायिका रडत निघून गेली आणि पुढची कितीतरी पानं दोघं वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत बसली, तेव्हा तर ते माझ्यावरच तापले. "एक फोन केला असता तर इथंच मिटलं असतं सगळं. एवढा कागद लय झाला." एकदा त्यांनी वाचनालयातल्या बाईंना गंभीरपणे विचारलं, की मुलाचे आईबाप कोण, गाव कोणतं, याचा पत्ता नसलेलं पुस्तक तुम्ही घरंदाज माणसांच्या हाती देताच कसं. बाई अनुभवी होत्या. त्यांनी साडूभाऊंना लोणची-मुरंब्यांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी नेऊन सोडलं.

आणि हे बोलतो कोण, तर लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला कुकरची रिंग आणून देणारा गृहस्थ. ताईंनी ती मुकाट्याने कुकरला बसवली, तर वर म्हणाले, "बघा, अशी वस्तू द्यावी. फुलं काय, दुपारपर्यंत माना टाकतात." मला हे गृहस्थ कधीकधी अगदी असह्य होतात. ताई बिचाऱ्या पुस्तकात रंगल्या की हे शेजारी बसून शेवट सांगून टाकणार. म्हणजे पुस्तक आधीच वाचून झालेलं. एवढी टाकाऊ गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत कशाला, असं मी एकदा छेडलं, तर जराही न ओशाळता म्हणाले, "माल पुरता बघितल्याबिगर भाव बोलत नाय मी."

गेल्या दिवाळीनंतर ताईंना अक्षरं विरघळल्यासारखी दिसायला लागली. मोतीबिंदू असेल म्हणून तो काढला, पण डॉक्टर म्हणाले की मागचा पडदाच कमजोर झालाय. हिंडता-फिरता येईल, वाचता मात्र येणार नाही. ताई रडल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण घरच्या रामरगाड्यात त्या बाईंना स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. अर्धं राहिलेलं पुस्तक परत देऊन टाका, म्हणाल्या. साडूभाऊ परत द्यायला म्हणून गेले आणि तेच पुस्तक काखेत मारून घरी आले. "अर्धा माल उतरवून गाडी माघारी धाडत नसतात," एवढंच बोलले.

पुढच्या रविवारी आम्ही नवराबायको भेटायला गेलो, तर गॅलरीत वाचन चाललेलं. ताई काळा चष्मा लावून खुर्चीत, साडूभाऊ समोर स्टुलावर. वाचण्याची तऱ्हा लिलावाची, स्वल्पविराम वगैरे कुणाला ठाऊक. प्रेमाची वाक्यंही अशी ओरडत होते, की खालचा वॉचमन वर बघायचा. पण ताई सारख्या अडवत होत्या, "अहो, कोण म्हणालं हे?" "ही म्हणाली." "ही म्हणजे?" "हीच." मी मागून पुस्तकात डोकावलो. प्रत्येक वेळी एकच शब्द गाळून ते पुढे सटकत होते. नायिकेचं नाव होतं नंदिनी.

आमच्या ताई माहेरच्या सुमन. माझी बायको आजही त्यांना सुमनताईच म्हणते. लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहायचं असतं, तसं साडूभाऊंनी लिहिलं होतं, नंदिनी. हे नाव त्यांना कुठून सुचलं, कोणी विचारलं नाही. सासरी त्यांना सगळे मोठी म्हणायचे आणि साडूभाऊ तर बायकोला हाक मारायची म्हणून नुसते खाकरायचे. ते नाव रेशनकार्डावर चढलं, आधारकार्डावर चढलं. त्या नावाने हाक मात्र ताईंना कोणीही, कधीही मारली नाही.

"नाव गाळू नका," ताई म्हणाल्या. "कोण कुणाशी बोलतंय तेच कळत नाही मला. आता माझं मला बघून घेता येत नाही."

साडूभाऊंनी चष्मा पुसला. मी तिथून जावं अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हललो नाही. मग अख्ख्या बाजारावर चालणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "नंदिनी," त्यांनी हळूच वाचलं, आणि तिथेच अडले.

"ओ," ताई म्हणाल्या.

ताईंनी ओ दिल्यावर साडूभाऊंनी मान वर केली नाही. ओळीवर बोट ठेवून त्यांनी उरलेलं वाक्य वाचलं, "तुला सांगायचं राहूनच गेलं."