मुंजाजी सर आणि रांगेतली पोरं

"सर, प्रोग्राम चालला!" असं कुणी ओरडलं की मुंजाजी सर खुर्चीतून न उठता विचारायचे, "चाललाय म्हंजी बरोबर हाय का?" आणि आमचं तोंड एवढंसं. सोनपेठच्या बसस्टँडामागं त्यांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पत्र्याचं छत, चार कॉम्प्युटर आणि दिवसभर फॉर्म भरायला आलेली माणसं. पण हाच माणूस पूर्वी पुण्यात एका कंपनीत होता. दवाखान्यातल्या मशिनींचे प्रोग्राम बरोबर आहेत, हे गणितासारखं सिद्ध करून द्यायचा. मग वडिलांना अर्धांगवायू झाला. आई आधीच गेलेली. सर परत आले ते अडकलेच, कारण म्हातारा दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेईना.

अडकलेली मीही होते. आई-बाप ऊसतोडीला, मी आत्याकडे. बी.एस्सी. होऊन वर्ष झालेलं आणि आत्याला मला उजवायची कोण घाई! सेंटरात फॉर्म भरायचे, सहाच्या आत घर गाठायचं. जीव नुसता घुसमटायचा. एक दिवस सर म्हणाले, "फॉर्म भरू भरू डोस्कं गंजंल तुजं, सविता. ये, शिकवतो."

शिकवलेली प्रोग्रामची भाषा मात्र मुलखावेगळी. इतर भाषांत टाइप म्हणजे हा आकडा, ही यादी, एवढंच. हिच्या टाइपात अख्खं वचन लिहिता यायचं, की मी परत देईन ती यादी चढत्या क्रमानं लावलेली असेल. प्रोग्राम ते वचन पाळतोच, हे दाखवून दिल्याशिवाय मशीन तो घेतच नसे. "टाइप म्हंजी वायदा," सर म्हणायचे. "अन हे मशीन लय खट, सासूवानी. मीठ टाकलंय म्हणून भागत न्हाई, टाकल्यालं दाखवावं लागतंय."

आठवड्यानं यादी क्रमानं लावायचा माझा पहिला प्रोग्राम मशीननं मुकाट घेतला. मी नाचायचीच बाकी होते! सरांनी त्याला पाच आकडे दिले, तर परत आली रिकामी यादी. मी वेंधळीनं सगळे आकडे गाळून टाकले होते, आणि रिकाम्या यादीत क्रम चुकणार तरी कसा? सर पोट धरून हसले. "उंचीनं रांग लाव म्हणलं, तर तू समदी पोरं घरी धाडली अन म्हणतीस रांग सरळ हाय! वायदाच अर्धा केलास, माय. आलेली समदी पोरं रांगंत हायेत, हे बी लिव."

पुढं एकदा सर म्हणाले, "माझ्या जुन्या कंपनीत जागा हाय. बग परीक्षा देऊन." परीक्षेतलं काम तेच होतं. यादी क्रमानं लावा, एकही आकडा हरवत नाही हे सिद्ध करा. आठ दिवसांत पाठवायचं, आणि आठव्याच दिवशी आत्यानं मला बघायला पाहुणे बोलावलेले. सहा दिवस मी एका ओळीवर अडकून बसले. मशीन काही केल्या मानेना. मला तर वाटायला लागलं, हे माझ्यावर दात धरून आहे. सातव्या दिवशी रडतच सरांपुढं गेले, "एवढी एक ओळ लिहून द्या हो. न्हाई तर संपलं माझं."

सरांनी कीबोर्ड ओढला. बोटं ठेवली, मग उचलली. "मी लिवलं तर मशीन हो म्हणंल. पन तिथं खुर्चीवर तू बसणार. रोज मला उचलून नेशील का?" फार राग आला मला त्यांचा. दारापर्यंत गेले तेव्हा सरांनी मागून विचारलं, "दोन पोरं सारख्याच उंचीची आली तर?"

मी जागीच थांबले. सारखे दोन आकडे आले की मी एक टाकून देत होते. म्हटलं, तेच तर आहे, एक असला काय अन दोन असले काय. म्हणजे सहा दिवस मी धडधडीत खोटं खरं करायला बसले होते, आणि शिव्या मशीनला! दुपारपर्यंत काम झालं, पाठवलंही. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तसे गेले.

पुण्याला मुलाखतीला गेले, तेव्हा तिथल्या बाई सहज म्हणाल्या, "जागा एकच होती. आम्ही मुंजाजींनाच बोलावलं होतं, त्यांनी तुमचं नाव दिलं." नोकरी मिळाली, पण आनंद कसला तो होईना.

निघायच्या दिवशी सेंटरात गेले. "सर, वडिलांना घेऊन पुण्याला या की."

"इचारलं हुतं. न्हाई म्हनले."

"मग त्यांचा राग येत नाही तुम्हाला?"

मला वाटलं, म्हणतील, बाप हाय माझा, राग कामून येईल. तसं काही म्हणाले नाहीत.

"येतो. रोज येतो. घास भरवताना लय येतो."

मी पाया पडायला वाकले, तर दोन पावलं मागं सरले. "जाय," म्हणाले, "गाडी सुटंल."