नऊचं शेपूट

माझ्या मामाला सगळे पंचनामा म्हणतात, मामीसुद्धा. ओळखीपाळखीत कुणाला जुन्या जमान्यातली मोटारसायकल घ्यायची झाली, की आधी मामाला नेऊन दाखवायची, असं ठरूनच गेलं आहे. जाण्यायेण्याचं पेट्रोल सोडलं तर तो काही घेत नाही. गेल्या तीस वर्षांत त्याने शेकडो गाड्या पाहिल्या, बहुतेक नापास केल्या, आणि ज्यांना 'घे' म्हणाला त्यांतली एकही कुणाच्या अंगाशी आली नाही. या गोष्टीचा त्याला गर्व आहे. तो नाही म्हणतो, पण आहे.

त्याची पद्धत ठरलेली. तपासणी होईपर्यंत विकणाऱ्याकडे चहा घ्यायचा नाही. "चहा पोटात गेला की डोळ्यांना भीड पडते," असं त्याचं म्हणणं. इंजिनाला हात लावून ते गार आहे ना, हे पाहायचं, कारण पाहुणे येण्याआधी तापवून ठेवलेली गाडी पहिल्या किकलाच गोड बोलते. मग खिशातून पातळ कागद आणि पेन्सिल काढून इंजिनावरच्या नंबरचा ठसा उतरवायचा, फ्रेमवरच्याही, आणि दोन्ही नोंदणीपुस्तकाशी ताडून बघायचे. पण नुसते नंबर जुळून भागत नाही. ते ठोकले कुणी, हे बघावं लागतं.

"कारखान्यातल्या नऊचं शेपूट सरळ असतं," हे तो मला लहानपणापासून सांगत आलाय. "सहाचं वळलेलं. वळलेल्या शेपटीचा नऊ दिसला की समजायचं, हा उलटा ठोकलेला सहा आहे. म्हणजे नंबर कारखान्यातला नाही, नंतर कुणीतरी मारलाय."

इतर मुलांचे मामा त्यांना पतंग उडवायला शिकवायचे. मला नऊचं शेपूट मिळालं.

यंदा गाडी मलाच घ्यायची होती. माझ्या जन्माआधीचं मॉडेल, काळं, टाकीवर सोनेरी रेघ. मालक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. पंचवीस वर्षं त्यांनी ती एकहाती वापरली होती आणि अंगणातल्या छपराखाली चादर घालून ठेवली होती. गुडघे थकले म्हणून विकत होते. गाडी पाहताक्षणी माझा जीव तिच्यात अडकला. ते मी लपवत होतो, पण मामाने ओळखलं आणि माझ्याकडे बघणंच बंद केलं.

इंजिन गार होतं. तेल गळत नव्हतं. पुस्तकावर मास्तरांच्या आधी एकच मालक होता. मामाने इंजिनावर कागद धरला, पेन्सिल घासली, कागद उजेडाकडे नेला आणि तसाच उभा राहिला. मग चष्मा पुसून परत खाली बसला आणि नंबरवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मी मनातल्या मनात गाडीवरून दोनदा फिरून आलो तरी त्याचा अंगठा तिथेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चहा मिळेल का, मास्तर?"

तपासणी अर्धी टाकून चहा मागताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मास्तर आत गेले तसा त्याने कागद माझ्या हातात दिला. नंबरमध्ये दोन सहा होते आणि शेवटी एक नऊ. नऊचं शेपूट छान वळलेलं. तिन्ही आकड्यांच्या पोटात तीच बारीक खाच होती, फक्त नऊच्या पोटात ती उलट्या बाजूला.

"म्हणजे चोरीची?" मी हळूच म्हणालो. "मास्तरांनी?"

"मास्तरांनी कशाला? मी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"ही खाच माझ्या ठशाची आहे," मामा म्हणाला. "तेविसाव्या वर्षी ज्या गॅरेजात होतो, तिथला. नऊचा आकडा ठोकायचा ठसा माझ्याच हातून हरवला होता. नवा मागितला तर उस्तादांच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या. म्हणून सहाच उलटा करून मारायचो. उस्ताद म्हणाले, इंजिन कोरं आहे, पुस्तकातला नंबर टाक. कोऱ्या इंजिनावर कानशीने जुना नंबर घासल्याचे ओरखडे नसतात, हे मला तेव्हाही कळत होतं. विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त गाडीची हळहळ वाटली. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

"मामा, मी गाडी घेत नाही, विषय संपला," मी म्हणालो. "तू मास्तरांना काहीतरी सांग. इंजिन तेल पितं म्हणून सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"आणि उद्या दुसरा कुणी घेईल. पकडला गेला की मास्तर चोर ठरतील."

मास्तर तीन कप घेऊन आले. मामाने कप घेतला, पण प्यायला नाही. उभं राहून, हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात त्याने त्यांना सगळं सांगितलं. गॅरेज, उस्ताद, हरवलेला नऊ, स्वतःचं नाव. मग म्हणाला, "उद्या नोंदणी कार्यालयात येतो तुमच्याबरोबर. माझ्या सहीने लिहून देतो. तुमच्यावर काही येणार नाही."

मास्तरांनी गाडीवर परत चादर ओढली. मग ते म्हणाले, "तुम्हाला गप्प बसता आलं असतं की."

"बसलो होतो ना," मामा म्हणाला. "तीस वर्षं."

परत येताना मामाची गाडी मी चालवत होतो, मामा मागे. सिग्नलला थांबल्यावर मला एकदम कळलं. पदरचे रविवार घालवून, एक पैसा न घेता, हा माणूस कुणाच्याही अंगणात जाऊन मातीत बसून इंजिनं का बघत होता, ते.

"मामा, तू हीच शोधत होतास?"

"हो."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढे काढली. मला वाटलं, आता त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. तसं विचारलंही.

"थोडं," मामा म्हणाला. "तशा अजून दोन राहिल्यात."