रोवणीतली मोजणी

रत्नमालाबाई आमच्या फिरत्या दवाखान्याच्या नर्स होत्या. लाखनीच्या पुढच्या एका खेड्यातल्या. उंचीनं लहान, चालणं भराभर, आणि रक्तदाब मोजताना कोणी बोलायला लागलं की नुसतं बघून त्याला गप्प करायच्या. मी त्याच गाडीत औषधं वाटायचो. सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालो होतो, संस्थेला जुना हात हवा होता, म्हणून मला घेतलं. तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलो, एवढाच माझा लिहिण्याचा अधिकार. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर चार ओळींत संपवलं असतं, आणि त्या चार ओळी यापेक्षा बऱ्या झाल्या असत्या.

चार गावांसाठीची ही गाडी सरकारनं नागपूरच्या एका संस्थेला कंत्राटानं चालवायला दिली होती. करारात एक अट होती. दर वर्षी संस्थेनं आपल्या कामातली एक कमतरता निवडायची, ती मोजायची, तिचं कारण शोधायचं, काहीतरी बदल करायचा आणि ठरलेल्या महिन्यांनी पुन्हा त्याच मापानं मोजायचं. सुधारणा दिसली तर करार पुढे, नाहीतर मार्चमध्ये गाडी बंद. याला गुणवत्ता सुधार प्रकल्प म्हणत. गाडी बंद म्हणजे रत्नमालाबाईंची नोकरी गेली. ड्रायव्हर घनश्यामही परत नागपूर-रायपूर ट्रकवर. सहा वर्षं ट्रक चालवून तो आता कुठे रोज घरी जेवायला लागला होता.

त्या वर्षी आम्ही रक्तदाबाच्या बाया निवडल्या. चार गावांत मिळून ऐंशी होत्या. जुलैत मोजलं तेव्हा त्यांतल्या एकतीस जणींचाच दाब आटोक्यात निघाला. जानेवारीत तो आकडा अठ्ठेचाळीसवर न्यायचा, असं कागदावर ठरलं.

कारणाच्या रकान्यात रत्नमालाबाईंनी लिहिलं, ‘रुग्णांना गोळीचं महत्त्व कळत नाही.’ मग महत्त्व सांगणं सुरू झालं. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते, त्यामुळे गाडी सकाळी सातलाच गावात लागायची. बाया शेतावर निघायच्या आधी रांगेत उभ्या राहायच्या, रत्नमालाबाईंचं सगळं ऐकायच्या, ‘होय जी, घेतो ना गोळी’ म्हणायच्या. दाब मात्र तिथल्या तिथेच. तीन आठवडे असेच गेले.

चौथ्या बुधवारी रत्नमालाबाई चिडल्या. समोर तुळसाबाई होत्या, पन्नाशीच्या, रोवणाऱ्या बायांच्या टोळीच्या म्होरक्या.

“तुळसाबाई, खरं सांगा. गोळी पोटात जाते का कोंबडीले घालता?”

“कोंबडीले घातली असती त कोंबडी तरी मोटी झाली असती.”

मागच्या बाया हसल्या. रत्नमालाबाई हसल्या नाहीत. “मी इथं सकाळपासून घसा फोडून राहिली, अन् तुम्हाले मजाक सुचते.”

“बाई, रागवू नका,” तुळसाबाई म्हणाल्या. “तुमी एक दिस आमच्या पातीले रोवाले या. मंग गोळीचं सांगा. मी ऐकीन.”

“येतो. काहून नाही येणार?”

मला वाटलं, बोलण्यात बोलणं. पण रविवारी त्या खरंच गेल्या. शेतकऱ्याच्याच घरच्या त्या, रोवणी काही नवी नव्हती. पण हातात पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंढी धरून वीस वर्षं झाली होती. आणि त्यांना स्वतःलाही रक्तदाब होता. माझ्याच डब्यातली, तीच गोळी त्या रोज सकाळी घेत. त्या दिवशीही घेऊन गेल्या.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सोमवारी गाडीत त्यांनी अर्धं सांगितलं, अर्धं माझ्यासारख्या म्हाताऱ्यासमोर सांगायला लाजल्या, ते मी समजून घेतलं. आमची ती गोळी शरीरातलं पाणी काढते. घेतल्यावर दोन-तीन तास दर अर्ध्या घंट्यानं लघवीला जावं लागतं. बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, पंधरा बाया एका ओळीत, वाकलेल्या. पुढे मागे गुडघाभर चिखल. एक बाई निघाली की तिची पात, तिच्या वाट्याची रांग, मागे राहते आणि सगळी ओळ खोळंबते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेंढ्या फेकणारे गडीमाणसं उभे. आडोशाला झाड नाही, झुडूप नाही, चहूकडे पाणी. रत्नमालाबाईंनी दहा वाजेपर्यंत दम धरला. मग दोन वेळा दूरच्या पळसापर्यंत जाऊन आल्या. तिसऱ्या वेळी तुळसाबाईंनी बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काय जी नर्सबाई, महत्त्व समजलं का गोळीचं?”

सगळी बांधी हसली म्हणे.

रोवणीचा दीड महिना रोवायला जाणारी एकही बाई ती गोळी घेत नव्हती. कळत नव्हतं ते आम्हाला. माझा तर यात चांगलाच हात होता. वाचता न येणाऱ्यांसाठी मी पाकिटावर चित्र काढायचो, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्या गोळीवर न विचारता उगवता सूर्य काढत आलो होतो. सकाळीच का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

रत्नमालाबाईंनी संस्थेच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एकेकीचा कागद पाहून काहींची गोळी बदलली, काहींना शेतावरून परत आल्यावर घ्यायला सांगितली. मी पाकिटावर मावळता सूर्य काढून पाहिला, तो उगवत्यासारखाच दिसला. मग घर काढायला लागलो. पण हे सगळं होईपर्यंत रोवणी आटोपली होती.

जानेवारीत मोजलं. ऐंशीपैकी अठ्ठावन्न. संस्थेचे व्यवस्थापक धर्मेंद्र साहेब नागपूरहून पेढे घेऊन आले. घनश्यामनं गाडी धुतली. रत्नमालाबाईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवला.

“साहेब, हा आकडा चालत नाही.”

“म्हणजे? चुकला?”

“चुकला नाही. पण जानेवारीत रोवणी कुठं हाये? आता बाया घरीच असतात, गोळी जुनीच असती तरी घेतली असती. ही सुधारणा आपली नाही, ऋतूची हाये. पहिली मोजणी रोवणीत केली, दुसरीबी रोवणीतच कराले पाहिजे.”

“ताई, आकडा खरा आहे ना? मग खऱ्याला खोटं कशाला म्हणता?”

“मी खोटं नाही म्हणत. मी त्याच्या खाली एक ओळ लिहीन म्हणतो.”

साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग माझ्याकडे पाहिलं. मी गोळ्या मोजत असल्याचं दाखवलं. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

अहवालावर नर्सची सही लागत होती. रत्नमालाबाईंनी ती ओळ लिहिली आणि मग सही केली. मार्चमध्ये सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. वर्षभराची मुदतवाढ अडवून ठेवली होती. करार फक्त ऑगस्टअखेरपर्यंत, रोवणीत पुन्हा मोजणी, अठ्ठेचाळीस भरले तरच पुढे.

घनश्याम दोन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. एकदा गाडी थांबवून आरशातूनच म्हणाला, “ताई, तुमच्या एका ओळीनं मी ट्रकवर जाऊन राहिलो, माहीत हाये ना?”

“माहीत हाये, भाऊ,” त्या म्हणाल्या. एवढंच. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी चारही गावांची मोजणी सुरू झाली. सात वाजता, गेल्या वर्षीसारखीच. रत्नमालाबाई आकडा मोठ्यानं सांगत नव्हत्या, लिहीत होत्या. दुसऱ्या बुधवारी शेवटचं गाव, तुळसाबाईंचं, झालं. घनश्याम खिडकीशी येऊन उभा राहिला. रत्नमालाबाईंनी दोन वेळा बेरीज केली आणि वही त्याच्याकडे वळवली. पन्नास होते.

घनश्याम समोरच्या टपरीवरून तीन चहा घेऊन आला आणि रत्नमालाबाईंचा कप आधी त्यांच्या हातात दिला.

करार वर्षभर वाढला. पण मला त्या सकाळचं दुसरंच आठवतं. त्या पन्नासांत तुळसाबाई नव्हत्या. त्यांचा दाब तसाच चढलेला निघाला. रत्नमालाबाई चहा तसाच ठेवून त्यांच्यामागे गाडीजवळच्या धुऱ्यापर्यंत गेल्या. मी गाडीतून ऐकत होतो.

“काहून जी? घरी आल्यावर घेता ना?”

“घेतो. पण अर्धी.” तुळसाबाई खाली पाहत होत्या. “अर्धी माह्या नवऱ्याले देतो. गोमाजीले. त्याचं डोस्कं दुखते, पण तो काही बायांच्या रांगेत येऊन उभा राहत नाही.”

रत्नमालाबाईंनी वळून गावाकडे पाहिलं.

“असे किती गडी हायेत गावात?”

“लय हायेत, बाई.”

त्या परत आल्या, थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि मला म्हणाल्या, “टेकचंदकाका, पुढच्या मोजणीसाठी एक कोरा कागद द्या.”