फोन निकम अण्णांना जायचा

निकम अण्णा कुठेही गेले की आधी मोबाइल काढून वर धरायचे आणि रेंज दिसली तरच बसायचे. आमच्याकडे जेवायला आले तर मऊ सोफा सोडून खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसत. नामपूरला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं, तर अण्णा आत बोहल्याकडे न जाता मांडवाच्या दारात उभे. मी चिडवायचे, "अण्णा, जेवायला येता की टॉवर शोधायला?" ते हसत नसत. "ताई, फोन कवा येईल त्याचा नेम नाय," एवढंच म्हणायचे आणि पोळी मोडायचे.

अण्णा विमानांचे इंजिनिअर. शहराबाहेरच्या धावपट्टीवर हौशी मालकांची चार-दोन छोटी विमानं असतात, त्यांची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यातलं एक आमचं. सिन्नरला माझ्या यजमानांचा सुट्ट्या भागांचा कारखाना, आणि लहानपणापासून एकच वेड, उडायचं. शेवटी जुनं चार सीटचं विमान घेतलंच. मी कपाळावर हात मारला, पण ऐकतंय कोण!

त्या विमानात अपघाताची खबर देणारं यंत्र जुनं झालं होतं, नवं घ्यायचं ठरलं. विमान आदळलं की हे यंत्र आपोआप उपग्रहाला हाक मारतं, आणि बचाव केंद्रातून नोंदवलेल्या नंबरवर फोन जातो. यांना खिशात मावेल असं हवं होतं. "बटण दाबलं की झालं काम!" अण्णा म्हणाले, "साहेब, बटण दाबायला माणूस शुद्धीवर लागतो." मग अण्णांच्या पसंतीचं आलं. नारिंगी रंगाचं, जेवणाच्या डब्याएवढं. अण्णांनी ते शेपटीत बसवलं, वरचा बाण विमानाच्या नाकाकडे करून. "नाक जातं, शेपूट राहते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पट्टी आवळल्यावर अंगातला सगळा जोर लावून ते खोकं ओढून बघितलं. हललं नाही तेव्हा गावाकडच्या बोलीत स्वतःशीच पुटपुटले, "बरं शे." म्हणजे ठीक आहे.

वायरीवर त्यांचा फार जीव. अँटेनापर्यंतची वायर त्यांनी आखूड ठेवली, पण ताणली नाही. मी कंटाळून म्हटलं, "अहो, पुरे आता!" तर म्हणाले, "खोकं वाचतं ताई, वायर तुटते. मग ते आतल्या आत बोंबलतं आणि बाहेर कुणाला ऐकू जात नाय."

तो दसऱ्याचा दिवस होता. विमानाला झेंडूचा हार, पंख्याला कुंकू, पुढे नारळ. त्यातच अण्णांनी नोंदणीचा कागद काढला. अपघात झाला तर फोन कुणाला करायचा? हे म्हणाले, "हिचाच नंबर टाका." सासूबाई कडाडल्या, "सणासुदीला असल्या अभद्र कागदावर घरच्या लक्ष्मीचं नाव घालता? काही जनाची, मनाची?" मलाही ते नकोच होतं, खोटं कशाला बोलू! अण्णा हळूच म्हणाले, "माझा टाकतो. मला काय होतंय?"

बाकीच्या मालकांचंही तेच. कुणाला बायकोचं नाव नको, कुणाला आईचं. सगळ्यांच्या वाइटाचा फोन अण्णांनी असा स्वतःकडे घेतला होता, आणि म्हणून ते जन्मभर खिडकीजवळ बसत होते.

फोन आला तो थंडीच्या दिवसांत. हे सकाळी एकटेच उडाले होते. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते, तर दारात अण्णा. "इकडनं चाललो होतो. चहा टाका ताई." मी चहा टाकला. त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि मूठभर शेंगा पुढ्यात घेऊन सोलायला लागले. मधूनच फोन वाजला की अंगणात जायचे, परत येऊन शेंगा घ्यायचे. दुसरा कपही मागितला. मी आपली यांच्या तक्रारी सांगत होते, घोरतात किती, औषध विसरतात कसे. ते "हं, हं" करत होते. तिसऱ्यांदा अंगणातून आले आणि खुर्चीवर न बसता माझ्यासमोर जमिनीवर बसले. तेव्हा मला कळलं.

पेठच्या पलीकडे, डोंगरात. नाक गेलं होतं, शेपूट राहिली होती. खोकं अजून हाका मारत होतं, म्हणून हे त्याच दिवशी मिळाले. नाहीतर त्या दऱ्यांमध्ये कुणी किती दिवस शोधलं असतं!

दहाव्याला रामकुंडावर मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"तुमच्या दारात यायच्या आधी."

"आणि माझ्यासमोर मटार सोलत बसलात?"

"ताई, जोरात आदळून उतरलं तरी ते वाजतं. माणूस गेला असंच नसतं. आपली माणसं तिथं पोचेपर्यंत तुमचं घर होतं तसं होतं. माझ्याच्यानं ते मोडवलं नाय."

"घर माझं होतं अण्णा! तेवढा वेळ मी देवापाशी बसले असते. त्यांचं घोरणं सांगत नसते बसले."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात ते दिसले तरी मी तोंड फिरवायचे. माझा राग खरा होता, आजही मी तो खोटा म्हणणार नाही.

गेल्या चैत्रात त्यांचा निरोप आला. दवाखान्यातही खाट खिडकीजवळच. पोटाच्या दुखण्याने पार वाळले होते. उशाजवळचा मोबाइल त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "मालक लोक अजून घरच्यांची नावं टाकत नायत. कागद बदलेपर्यंत हा कुणीतरी ठेवायला पाहिजे."

"मीच का?"

"तुम्ही लगेच सांगाल."

"सांगेनच. मी चहा पीत बसणार नाही."

"नका बसू," ते म्हणाले. मग डोळे मिटून, "बरं शे." त्याच आठवड्यात गेले.

कागद अजून बदललेले नाहीत. आता मीही खिडकीजवळ बसते. आणि परवा अण्णांचा तो मोबाइल वाजला. बचाव केंद्राचा फोन, गंगापूर रोडच्या एका तरुण मालकाच्या विमानाचा सिग्नल आला होता. धावपट्टीवर विचारलं, तर विमान परतलेलं नव्हतं. मी रिक्षा केली. वाटेत वाक्य घोकत होते. आत शिरल्या शिरल्या सांगायचं, उभ्या उभ्या.

त्याच्या बायकोने ओल्या हातांनी दार उघडलं. "अय्या, काकू! या ना, चहा टाकते." ती मेथी निवडत होती. टीव्हीवर गाणी चालली होती, ती गुणगुणत आत गेली. मी तोंड उघडलं, आणि तोंडून निघालं, "साखर कमी घाल हं." मग खिडकीजवळ बसले आणि एक जुडी पुढ्यात ओढली. ती नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत होती, ओला टॉवेल पलंगावर टाकतो म्हणून. मी "हं, हं" करत होते. मेथी निवडली जात होती.

शेवटी फोन आला, तो मी दाराबाहेर जाऊन घेतला. विमान धुळ्याला जोरात आदळून उतरलं होतं, चाक वाकलं, माणूस धडधाकट. मी उरलेला चहा प्यायले.

"काकू, काही काम होतं का?"

"नाही गं. इकडनं चालले होते."

बाहेर आले आणि रडूच फुटलं. अण्णांना सांगायचं होतं. काहीच न सुचून स्वतःच्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला. तो माझ्याच पिशवीत वाजायला लागला.